मास आणि आयआर एकमेकांशी जुळत नाहीत तेव्हा

एम.एस्सी.च्या प्रकल्पात, संशोधनाच्या सुरुवातीच्या वर्षांत आणि औषध कंपन्यांच्या गुणवत्ता नियंत्रण विभागात एक अडचण पुन्हा पुन्हा उभी राहते. अनोळखी सेंद्रिय संयुगाचा अवरक्त वर्णपट, म्हणजे आपल्या रोजच्या बोलण्यातला आयआर, रेणूत हायड्रॉक्सिल गट असल्याचे सांगतो. पण मास वर्णपटातल्या, म्हणजे रेणू आणि त्याचे तुकडे वस्तुमानानुसार दाखवणाऱ्या आलेखातल्या, सर्वांत जड शिखरावरून रेणुसूत्र मांडू लागलो की ऑक्सिजनला जागाच उरत नाही. कधी याच्या उलट होते. आयआरमध्ये एस्टरचा ठसठशीत पट्टा असतो, आणि ज्या एस्टरची अपेक्षा होती त्याचे वस्तुमान मासमध्ये कुठेच सापडत नाही. अशा वेळी बहुतेक जण दोहोंपैकी एका वर्णपटावर भिस्त ठेवतात आणि दुसरा ‘नीट आला नाही’ म्हणून बाजूला सारतात. मग पुढचे सगळे अनुमान त्या अर्ध्या पुराव्यावर उभे राहते.

उपकरण बिघडलेले असण्याची शक्यता अर्थातच असते, पण अशा विसंगतीचे ते कारण क्वचितच असते. बहुतेक वेळा दोन्ही वर्णपट खरे असतात आणि दोन उपकरणांनी पाहिलेला पदार्थ मात्र वेगवेगळा असतो. म्हणून कोणता वर्णपट मानायचा हे ठरवण्याआधी प्रत्येक उपकरणापर्यंत नेमके काय पोहोचले, हे शोधावे. पुढे जे लिहिले आहे ते सगळे या एका प्रश्नाच्या अनुषंगाने लिहिले आहे. आयआरच्या पट्ट्यांचे आकडे प्रति सेंटिमीटर या एककात आणि मासच्या शिखरांचे आकडे वस्तुमान-प्रभार गुणोत्तराचे आहेत, हे एकदाच सांगून ठेवतो.

कोणाला काय दिसते

आयआरच्या किरणाच्या वाटेत जे जे ठेवले असेल ते सगळे वर्णपटात उमटते. त्यात आपले संयुग असते, त्यात अडकलेले द्रावक असते, हवेतून शोषलेले पाणी असते आणि काचेच्या सांध्याला लावलेले ग्रीसही असते. शिवाय हे मोजमाप खोलीच्या तापमानाला, बहुधा घन अवस्थेत होते. त्यामुळे क्षार क्षारच राहतो आणि हायड्रोजन बंध शाबूत असतात.

गॅस क्रोमॅटोग्राफीला, म्हणजे मिश्रणाची वाफ करून त्यातले घटक वेगळे करणाऱ्या उपकरणाला, जोडलेल्या मासची गोष्ट निराळी आहे. तिथे नमुना साधारण २५०° सेल्सिअसच्या इंजेक्टरमध्ये जातो, त्यातले जेवढे वाफ होईल तेवढेच कॉलममध्ये शिरते, जेवढे कॉलममधून बाहेर येईल तेवढ्यावरच ७० इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या इलेक्ट्रॉनांचा मारा होतो, आणि त्या माऱ्यातून जे टिकते किंवा तुटून प्रभारित होते तेवढेच शेवटी नोंदले जाते. इलेक्ट्रोस्प्रे पद्धतीत पुन्हा वेगळी निवड होते: जो रेणू प्रोटॉन किंवा सोडियम सहज धरतो तो मोठ्याने बोलतो, आणि साधा हायड्रोकार्बन नमुन्यात नव्वद टक्के असला तरी गप्प राहतो. म्हणून वजनाने किरकोळ असलेली अशुद्धी मासमध्ये प्रमुख दिसणे आणि आयआरमध्ये तिचा पत्ताही नसणे यात आश्चर्य काहीच नाही.

आधी कोरा नमुना, मग आपला

सर्वांत जास्त वेळ वाया जातो तो १४९ या शिखरापायी. पानांचा किंवा सालीचा अर्क काढायचा, सिलिका जेलच्या कॉलममधून त्याचे भाग वेगळे करायचे, त्यातला एक तेलकट भाग टीएलसीवर (पातळ थराच्या क्रोमॅटोग्राफीवर) एकच ठिपका देतो म्हणून आनंदाने वर्णपटाला पाठवायचा; आणि मग मासमध्ये १४९ हे सर्वोच्च शिखर, सोबत १६७ आणि २७९ किंवा २०५ आणि २२३, तर आयआरमध्ये १७२८ च्या आसपास जोरदार कार्बोनिल, १६०० आणि १५८० ला शेजारी शेजारी दोन बारीक पट्टे, १२८०, ११२० आणि १०७० ला मोठे पट्टे, ७४० ला आणखी एक. इथे दोन्ही वर्णपट एकमेकांशी उत्तम जुळतात. जुळत नाही ते वनस्पतीच्या रसायनाशी. हा पदार्थ थॅलेट आहे, म्हणजे प्लास्टिक लवचिक ठेवण्यासाठी त्यात मिसळतात ते एस्टर, आणि १४९ चे शिखर हे त्या एस्टरांच्या खंडनातून, म्हणजे रेणू तुटण्यातून, उरणाऱ्या, प्रोटॉन धरलेल्या थॅलिक अ‍ॅनहायड्राइडचे असते. १६७ आणि २७९ ही जोडी डाय-(२-एथिलहेक्झिल) थॅलेटची असते, तर २०५ आणि २२३ ही डायब्युटिल थॅलेटची.

थॅलेट येते कुठून, याचे उत्तर साध्या गणितात आहे. समजा, कॉलम उतरवायला दोन लिटर द्रावक लागले आणि त्या द्रावकाला प्लास्टिकच्या वॉश-बॉटलमुळे, नळीमुळे किंवा झाकणाच्या अस्तरामुळे दर लिटरला केवळ एक मिलिग्रॅम थॅलेट लागले. रोटाव्हॅपवर, म्हणजे कमी दाबाखाली द्रावक उडवणाऱ्या उपकरणावर, द्रावक उडून जाते आणि थॅलेट मागे राहते. आपल्या हाती आलेला भाग दहा मिलिग्रॅमचा असेल तर त्यात दोन मिलिग्रॅमपर्यंत हा पाहुणा असू शकतो. वनस्पतींच्या अर्कांतून थॅलेटे ‘मिळाल्याचे’ सांगणारे शोधनिबंध पुष्कळ आहेत. एखादा जीव ती स्वतः तयार करतो असे कोणाला म्हणायचे असेल, तर त्याने कोऱ्या नमुन्याचा वर्णपट शेजारी छापायला हवा, असे माझे ठाम मत आहे. तो नसेल तर तो दावा मी मान्य करत नाही.

कोरा नमुना, म्हणजे ब्लँक, करायला फार कष्ट पडत नाहीत. जेवढे द्रावक वापरले तेवढेच, त्याच बाटलीतून, त्याच सिलिका जेलमधून, त्याच फ्लास्कमध्ये घ्यावे, तसेच उडवावे आणि उरलेल्या अंशाचे दोन्ही वर्णपट घ्यावेत. नुसते द्रावक सरळ इंजेक्ट करून पाहणे पुरेसे नाही, कारण त्यात पदार्थ संहत होण्याची पायरी वगळली जाते आणि तीच पायरी अशुद्धी वाढवते.

याच रांगेत सिलोक्झेने बसतात. मासमध्ये ७३, २०७, २८१ आणि ३५५ अशी शिखरे दिसली की ती बहुधा चक्रीय सिलोक्झेनांची असतात. ती गॅस क्रोमॅटोग्राफीच्या कॉलमच्या अस्तरातून आली असतील, तर तापमान वाढत जाईल तशी संपूर्ण पायारेषा वर चढते आणि २०७ व २८१ सगळीकडे थोडे थोडे सापडतात. सेप्टममधून, म्हणजे इंजेक्टरच्या तोंडावरच्या रबरी चकतीतून, आली असतील तर सुटी सुटी शिखरे दिसतात आणि काहीही इंजेक्ट न करता कार्यक्रम चालवला तरी ती येतात. कॉलममधून झिरपलेले सिलोक्झेन आयआरमध्ये कधीच दिसणार नाही, कारण आयआरचा नमुना त्या कॉलममधून गेलेलाच नसतो. याउलट आयआरमध्ये १२६० ला टोकदार पट्टा, १०९० ते १०२० च्या दरम्यान रुंद जोडी आणि ८०० ला मोठा पट्टा असेल, तर सिलिकॉन ग्रीस थेट नमुन्यातच उतरले आहे आणि नमुना पुन्हा शुद्ध करण्यावाचून गत्यंतर नाही. १२६० आणि १०९० हे पट्टे एस्टर किंवा ईथरच्या कार्बन-ऑक्सिजन बंधाच्या नावे लावले जाण्याचा प्रकार मी वारंवार पाहिला आहे, म्हणून हे मुद्दाम लिहिले. ईथर किंवा टेट्राहायड्रोफ्युरान वापरले असेल तर २०५ आणि २२० ही जोडीही लक्षात ठेवावी. ती द्रावक टिकवण्यासाठी घातलेल्या बीएचटी या ऑक्सिडीकरणरोधकाची असते.

पाण्याचा पट्टा

मुंबईत आणि कोकणात जून ते सप्टेंबर या काळात पोटॅशियम ब्रोमाइडमध्ये नमुना दळून त्याची दाबून गोळी करून घेतलेल्या आयआरमध्ये ३४४० च्या सुमारास रुंद पट्टा नसेल, तर ती गोळी खरोखर काळजीने केलेली आहे असे समजावे. पोटॅशियम ब्रोमाइड दळताना हवेतले पाणी धरून ठेवते आणि ते दोन ठिकाणी दिसते: ३४४० ला रुंद आणि १६३५ ला लहान. पहिला पट्टा अल्कोहोलचा म्हणून वाचला जातो, दुसरा दुहेरी बंधाचा किंवा अमाइडचा म्हणून; आणि मग मासमध्ये अठरा वस्तुमान कमी झाल्याचे शिखर का नाही, याचा शोध सुरू होतो.

खात्री करून घेण्याचा सर्वांत सोपा मार्ग वर्णपटातच आहे. खरा अल्कोहोल असेल तर १२६० ते १००० या पट्ट्यात कार्बन-ऑक्सिजन बंधाचे जोरदार शोषण असलेच पाहिजे. ३४०० ला डोंगर आणि १२६० ते १००० मध्ये काहीच नाही, असा वर्णपट अल्कोहोलचा असू शकत नाही. तरीही शंका उरली तर तोच नमुना एटीआरवर, म्हणजे गोळी न करता स्फटिकावर थेट दाबून, पाहावा. पट्टा नाहीसा झाला तर तो गोळीच्या पाण्याचा होता. तसाच राहिला तर तो एकतर संयुगाचा आहे किंवा संयुग स्वतःच ओले आहे. गोळीच करायची असेल तर पोटॅशियम ब्रोमाइड ११०° सेल्सिअसला ओव्हनमध्ये सुकवून डेसिकेटरमध्ये ठेवावे, साधारण दोनशे मिलिग्रॅममध्ये एक ते दोन मिलिग्रॅमच नमुना घ्यावा, आणि अगेटच्या खलात दळण्याचे काम भराभर उरकावे. नमुना जास्त घेतला तर मोठे पट्टे तळाला टेकून सपाट होतात आणि त्यांची नेमकी जागा कळत नाही. दळणे कमी पडले तर कण मोठे राहून प्रकाश विखुरतो आणि वर्णपटाची पायारेषा उंच तरंगसंख्येकडे खाली झुकते.

२३५० च्या आसपासची जोडी आणि ६६७ चे बारीक शिखर हे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचे असते, आणि ३९०० ते ३५०० व १९०० ते १३०० या भागांतली दाट टोकदार रेघांची गर्दी पाण्याच्या वाफेची. पार्श्वभूमीची नोंद नव्याने घेतली की ती जाते. नायट्राइल २२५० ला येते, २३५० ला नाही. एवढे ध्यानात ठेवले तरी या बाबतीतला घोटाळा टळतो.

सर्वांत जड शिखर रेणू आयनच असते असे नाही

आता मासच्या बाजूने होणारा गैरसमज पाहू. रेणू आयन म्हणजे न तुटता नुसता प्रभारित झालेला अखंड रेणू. १-ब्युटेनॉलचे रेणुवस्तुमान ७४ आहे, पण इलेक्ट्रॉनांच्या माऱ्यात हा रेणू पाणी टाकून देतो आणि ७४ चे शिखर जवळजवळ दिसतच नाही. डावीकडून उजवीकडे वाचत गेल्यावर शेवटचे ठळक शिखर ५६ असते. ५६ म्हणजे ब्युटीन, असे अनुमान काढले की आयआरमधला ३३३० चा रुंद पट्टा आणि १०६५ च्या सुमाराचा जोरदार पट्टा दोन्ही अनाथ होतात. मासकडे पुन्हा पाहिले तर उत्तर तिथेही आहे: ३१ चे शिखर. ते एक कार्बन, तीन हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन असलेल्या तुकड्याचे आहे आणि प्राथमिक अल्कोहोलाची ती खूण आहे. ब्युटीनमध्ये ऑक्सिजनच नसल्यामुळे ३१ चे शिखर तिथे येण्याला काही कारणच नाही. तृतीयक ब्युटेनॉलच्या बाबतीत तर ७४ चा मागमूसही नसतो. मेथिल गट गमावून उरलेले ५९ हेच सर्वोच्च शिखर होते.

म्हणून शेवटच्या शिखराला रेणू आयन म्हणण्याआधी त्याच्यातून त्याच्या लगतच्या खालच्या शिखराची वजाबाकी करावी. ४ ते १४ किंवा २१ ते २५ इतके वस्तुमान एका पायरीत कमी होण्याला सहसा रासायनिक अर्थ नसतो. वरचे शिखर १३४ आणि त्याच्या खाली १२४ असेल, तर दहाचा हा फरक सांगतो की दोन्ही शिखरे एका रेणूतून आलेली नाहीत किंवा खरा रेणू आयन अजून वर कुठेतरी आहे. १५ म्हणजे मेथिल, १८ म्हणजे पाणी, ३१ म्हणजे मेथॉक्सी, ४५ म्हणजे एथॉक्सी किंवा कार्बोक्झिल, हे फरक ओळखीचे आहेत. २८ मात्र फसवे आहे, कारण कार्बन मोनॉक्साइड आणि एथिलीन दोहोंचे पूर्णांकी वस्तुमान तेच आहे; आणि रेणूतून काही गेलेले नसताना नुसते २८ चे शिखर दिसले, सोबत ३२ चे त्याच्या चौथ्या हिश्श्याएवढे असले, तर ते हवेचे असते आणि गळती शोधायला हवी.

नायट्रोजनचा नियमही इथे कामी येतो. रेणू आयनचे वस्तुमान विषम असेल तर रेणूत नायट्रोजनची संख्या विषम असली पाहिजे. आयआरमध्ये नायट्रोजनयुक्त गटाची एकही खूण नाही आणि मासचे शेवटचे शिखर विषम आहे, असे असेल तर ते शिखर खंड आयनचे, म्हणजे तुटलेल्या तुकड्याचे, असण्याची शक्यता प्रबळ आहे. हॅलोजनांच्या बाबतीत आयआरपेक्षा मासवर विसंबावे: क्लोरीन असेल तर दोनने पुढचे शिखर एक तृतीयांश उंचीचे, ब्रोमीन असेल तर जवळजवळ बरोबरीचे, दोन ब्रोमीन असतील तर एकास दोनास एक अशा प्रमाणातली तीन शिखरे. ही खूण चुकवणे कठीण आहे, पण शिखर संपृक्त झाले असेल, म्हणजे नमुना फार जास्त घातला असेल, तर प्रमाण बिघडते. तेव्हा विरल करून पुन्हा घ्यावे.

इलेक्ट्रोस्प्रेमध्ये रेणू आयन मिळतो, पण कोणत्या रूपात हे पाहावे लागते. बावीसच्या फरकाने दोन शिखरे असतील तर कमी वस्तुमानाचे शिखर प्रोटॉन धरलेल्या रेणूचे आणि जास्त वस्तुमानाचे सोडियम धरलेल्या रेणूचे असते. अडतीसचा फरक असेल तर पोटॅशियम. एकटेच शिखर असेल तर ते आपोआप प्रोटॉनचे मानू नये. सोडियमचे शिखर प्रोटॉनचे समजून काढलेले रेणुसूत्र आयआरशी कधीच जुळत नाही, आणि ती विसंगती अगदी सरळ बावीस एककांची असते. नमुना ट्रायमेथिलसिलिल करून घेतला असेल, म्हणजे हायड्रॉक्सिलच्या हायड्रोजनजागी ट्रायमेथिलसिलिल गट बसवला असेल, तर प्रत्येक हायड्रॉक्सिलमागे ७२ वाढलेले असतात, ७३ आणि ७५ ची शिखरे येतात, आणि आयआर मात्र मूळ, न बदललेल्या पदार्थाचा असतो. अहवालात दोन्ही शेजारी ठेवताना ही गोष्ट नमूद केली नाही, तर वाचणाऱ्याला ते दोन वेगळे पदार्थ वाटतात, आणि तसे ते असतातही.

अ‍ॅस्पिरिन आणि सॅलिसिलिक आम्ल

या सगळ्याचा कस लागतो तो अ‍ॅस्पिरिनच्या उदाहरणात, आणि हे उदाहरण कोणत्याही महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत करून पाहता येते. अ‍ॅस्पिरिनचे रेणुवस्तुमान १८० आहे. इलेक्ट्रॉनांच्या माऱ्यात त्याचा अ‍ॅसिटिल गट ४२ वस्तुमानाचे कीटीन म्हणून निघून जातो आणि १३८ उरते. १३८ मधून पाणी गेले की १२०, आणि १२० मधून कार्बन मोनॉक्साइड गेला की ९२. १८० चे शिखर अगदी लहान असते. सॅलिसिलिक आम्लाचे रेणुवस्तुमान १३८ आहे आणि त्याचीही मुख्य शिखरे १३८, १२० आणि ९२ हीच आहेत. त्यामुळे १८० कडे दुर्लक्ष झाले तर संगणकाची ग्रंथिकाही, म्हणजे साठवलेल्या ज्ञात वर्णपटांचा संग्रहही, सॅलिसिलिक आम्ल सुचवू शकते, आणि आपल्याला वाटते की अ‍ॅस्पिरिन तयार झालेच नाही.

आयआर इथे निर्णय देतो. अ‍ॅस्पिरिनमध्ये कार्बोनिलचे दोन स्वतंत्र पट्टे असतात: सुमारे १७५५ ला फेनॉलच्या अ‍ॅसिटेट एस्टरचा आणि सुमारे १६९० ला आम्लाचा. सॅलिसिलिक आम्लात १६६० च्या आसपास एकच कार्बोनिल असतो, शेजारच्या हायड्रॉक्सिलशी हायड्रोजन बंध झाल्यामुळे इतका खाली सरकलेला, आणि ३२४० च्या सुमारास त्या हायड्रॉक्सिलचा पट्टा असतो. एवढ्यावरून दोन्ही पदार्थ स्पष्ट वेगळे होतात.

परंतु प्रश्न इथे संपत नाही, आणि म्हणूनच हे उदाहरण मोलाचे आहे. दमट हवेत ठेवलेले अ‍ॅस्पिरिन खरोखरच हळूहळू जलविघटित होते, बाटली उघडताच व्हिनेगरसारखा वास येतो, आणि मग नमुन्यात दोन्ही पदार्थ असतात. त्यातच गॅस क्रोमॅटोग्राफीने तपासले तर इंजेक्टरच्या उष्णतेतही अ‍ॅस्पिरिनचा काही भाग विघटित होतो. म्हणजे १३८ ची तीन कारणे संभवतात: बाटलीत झालेले विघटन, इंजेक्टरमध्ये झालेले विघटन आणि आयन तयार झाल्यावरचे खंडन. ही तीन कारणे वेगळी कशी करायची? खंडनातून आलेले १३८ हे १८० च्या बरोबर, त्याच धारण-काळाला, म्हणजे कॉलममधून बाहेर येण्याच्या त्याच वेळी, दिसते. विघटनातून आलेले सॅलिसिलिक आम्ल क्रोमॅटोग्राममध्ये स्वतःच्या वेगळ्या वेळी बाहेर येते. वेगळ्या वेळी आले, पण ते बाटलीतले की इंजेक्टरमधले, हे ठरवायला नमुना गरम न करता तपासावा लागतो. तो मान आयआरला मिळतो: १६६० ला खांदा दिसला तर सॅलिसिलिक आम्ल मुळातच आहे. अल्प प्रमाणात असेल तर आयआरलाही ते जाणवणार नाही; तेव्हा फेरिक क्लोराइडचा एक थेंब टाकावा. शुद्ध अ‍ॅस्पिरिन रंग देत नाही, मोकळे फेनॉल असलेले सॅलिसिलिक आम्ल जांभळा रंग देते. महागड्या उपकरणांच्या मधोमध ही जुनी परीक्षानळीतली चाचणी आजही निर्णायक ठरते, याचे मला फार अप्रूप वाटते.

क्षारांच्या बाबतीत याच प्रकारची विसंगती दिसते. औषधांमधली अनेक अमाइने हायड्रोक्लोराइड रूपात असतात. डायफेनहायड्रामाइन हायड्रोक्लोराइड घेतले तर आयआरमध्ये ३००० ते २४०० या भागात अमोनियम गटाचे रुंद शोषण दिसते, तर मासमध्ये २५५ वस्तुमानाच्या मुक्त अमाइनची खंडने मिळतात, ५८ हे सर्वोच्च शिखर असते आणि क्षाराचे २९१ कुठेच नसते, कारण वाफ होताना हायड्रोजन क्लोराइड वेगळा झालेला असतो. नमुना सरळ प्रोबवरून, म्हणजे क्रोमॅटोग्राफी वगळून थेट मासमध्ये, घेतला असेल तर ३६ आणि ३८ ही तीनास एक प्रमाणातली जोडी शोधावी; क्षाराचा तो पुरावा असतो. हायड्रोक्लोराइड पोटॅशियम ब्रोमाइडसोबत दळले की क्लोराइड आणि ब्रोमाइडची अदलाबदल होऊन वर्णपट बदलू शकतो, म्हणून अशा नमुन्यांसाठी गोळी पोटॅशियम क्लोराइडची करणे बरे. आम्लाचा सोडियम क्षार असेल तर आयआरमधला १७१० चा पट्टा जाऊन १६१० ते १५५० आणि १४०० च्या सुमारास दोन पट्टे येतात. तो पदार्थ गॅस क्रोमॅटोग्राफीतून बाहेरच येत नाही, आणि जे बाहेर येते ते दुसरेच काहीतरी असते.

ग्रंथिकेने सुचवलेले नाव

संगणक हजारपैकी ९२० गुण देऊन एक नाव पुढे करतो तेव्हा ते गुण म्हणजे ते नाव खरे असण्याची शक्यता नव्हे. दोन वर्णपट किती सारखे आहेत, एवढेच ते सांगतात. अ‍ॅसिटोफिनोन आणि क्युमीन या दोहोंचे रेणुवस्तुमान १२० आहे आणि दोहोंचे सर्वोच्च शिखर १०५ आहे. पहिल्यात १०५ म्हणजे बेन्झॉइल आयन, त्यातून कार्बन मोनॉक्साइड जाऊन ७७ जोरदार येते आणि ४३ ही दिसते. दुसऱ्यात ७७ त्या मानाने लहान असते आणि ७९ व ९१ शेजारी असतात. नमुना मिश्र असेल किंवा पार्श्वभूमी नीट वजा केली नसेल तर हा फरक बुजतो. आयआरमधला १६८५ चा संयुग्मित कीटोनचा पट्टा असला की क्युमीनचा प्रश्न तिथेच निकालात निघतो. उलट ४-मेथिलअ‍ॅसिटोफिनोन आणि प्रोपिओफिनोन यांचा कार्बोनिल आयआरमध्ये जवळजवळ एकाच जागी येतो, दोहोंचे रेणुवस्तुमानही १३४ आहे. तिथे मास सोडवतो, कारण पहिला ११९ देतो आणि दुसरा १०५.

ऑर्थो, मेटा आणि पॅरा समघटकांत मास बहुधा हात टेकतो. आयआरमध्ये ९०० ते ६९० हा भाग थोडी मदत करतो: पॅरा असेल तर ८४० ते ८१०, ऑर्थो असेल तर ७७० ते ७३५. वलयावर नायट्रो किंवा कार्बोनिल गट असेल तर या आकड्यांवर फार विसंबू नये आणि सरळ एनएमआरकडे (केंद्रकीय चुंबकीय संस्पंदनाकडे) जावे.

आयआरची ग्रंथिका वापरताना आपला वर्णपट एटीआरचा आहे की पारगमनाचा (प्रकाश नमुन्यातून आरपार नेऊन घेतलेला), हे कळवावे लागते. एटीआरमध्ये कमी तरंगसंख्येचे पट्टे प्रमाणापेक्षा मोठे आणि ३००० च्या आसपासचे लहान दिसतात, आणि जुन्या ग्रंथिका पारगमनाच्या आहेत. दुरुस्ती न करता तुलना केली तर गुण कमी पडतात आणि बरोबर नाव यादीत खाली जाते.

उपकरणाची शंका मिटवायला वेळ लागत नाही. पॉलिस्टायरीनच्या पट्टीचा १६०१ चा पट्टा जागेवर आहे का, आणि मासमध्ये अंशशोधनाच्या परफ्लुओरोट्रायब्युटिलअमाइनची ६९, २१९ व ५०२ ही शिखरे जागेवर आहेत का, एवढे पाहिले की पुरे. दोन्ही जागेवर असतील तर उपकरणाला दोष देणे थांबवावे.

एवढे सगळे करूनही दोन वर्णपट जुळले नाहीत, तर उच्च विभेदनाचे वस्तुमान मागवावे. अ‍ॅसिटोफिनोनचे १२०.०५७५ आणि क्युमीनचे १२०.०९३९ यांतला फरक तिथे सहज दिसतो, आणि त्यातून आलेल्या रेणुसूत्रावरून असंपृक्ततेची संख्या (रेणूतल्या वलयांची आणि जास्तीच्या बंधांची बेरीज) काढली की आयआरमधला प्रत्येक दुहेरी बंध आणि वलय तिच्यात बसवून पाहता येते. अ‍ॅसिटोफिनोनसाठी ती पाच येते: वलयाच्या चार आणि कार्बोनिलची एक.

असा नमुना पवईच्या आयआयटीतल्या ‘सैफ’सारख्या, बाहेरच्यांचेही नमुने तपासणाऱ्या सामायिक उपकरण-सुविधेकडे पाठवायचा असेल तेव्हा कुपी काचेची घ्यावी, झाकणाला प्लास्टिकचे मऊ अस्तर नसावे, आणि सोबतच्या अर्जात शेवटचे द्रावक कोणते होते, पदार्थ मुक्त आहे की क्षार, तो कोणत्या तापमानाला वितळतो किंवा विघटित होतो आणि तो सिलिलीकरण केलेला आहे का, हे चारही तपशील लिहावेत. त्याच अर्जासोबत कोऱ्या नमुन्याची दुसरी कुपी पाठवावी आणि दोन्हींचे मोजमाप एकाच दिवशी, आधी कोऱ्याचे आणि मग आपल्या नमुन्याचे, या क्रमाने करावे अशी स्पष्ट विनंती करावी.